‘गिव्ह अप’ला नॉर्वेजियनमध्ये नेमके काय म्हणावे?

मास्तर, दिग्रस तालुका
सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात इंग्रजी शिकवतो. माझी पुतणी शिक्षणासाठी नॉर्वेतल्या बर्गनला गेली आहे. तिथली भाषा ती इंग्रजीच्या आधाराने शिकते आणि कुठे अडली की रात्री मला फोन करते. मला नॉर्वेजियन येत नाही हे तिला सांगून उपयोग होत नाही. ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘यी ओप’, एवढे तिने वहीत टिपून ठेवले होते. मागच्या आठवड्यात एक छापील अर्ज भरताना जन्मतारखेच्या रकान्यात तिला ‘ओपयी’ हा शब्द दिसला. तेच दोन तुकडे उलट जोडलेले पाहून ‘हे सोडून द्या’ असा अर्थ तिने लावला आणि रकाना कोरा ठेवला. अर्ज अर्थातच परत आला. पुढे दोन दिवसांनी ट्राममध्ये एका वयस्कर बाईंना जागा देताना तिने ‘यी ओप’ घालून वाक्य जुळवले, तर बाई नुसत्या पाहत राहिल्या. सवय सोडणे, आशा सोडणे, जागा सोडणे, हार मानणे हे सारे आम्ही वर्गात एकाच ‘गिव्ह अप’खाली शिकवतो. नॉर्वेजियनमध्ये या सर्वांना एकच क्रियापद आहे, की प्रत्येकाला वेगळे?

वणीची, सध्या स्टव्हांगर
मास्तर, नमस्कार. वेगळी क्रियापदे आहेत, आणि काय सोडायचे आहे ते आधी ठरवल्याशिवाय त्यांतले एकही निवडता येत नाही. प्रयत्न किंवा आशा सोडायची असेल, तर ‘यी ओप’ बिनचूक आहे. ‘यी ओप होपे’ म्हणजे आशा सोडणे. सवय सोडण्यासाठी मात्र इथले लोक बहुधा ‘स्लुत्ते’, म्हणजे थांबणे, हे क्रियापद वापरतात. आपल्याकडे जसा खर्रा, तशी इथे ‘स्नूस’ नावाची ओली तंबाखू असते. तिची चिमुकली पुडी वरच्या ओठाखाली दाबून ठेवतात. ती सोडणारा माणूस ‘स्लुत्ते मे स्नूस’ असे म्हणतो. शत्रूपुढे शरण जाणे म्हणजे ‘ओव्हरयी सै’. वादात नमते घेणे किंवा कोडे सुटले नाही म्हणून हरलो असे कबूल करणे, यासाठी नुसते ‘यी सै’ पुरते. त्यात ‘ओप’ लागतच नाही. जवळची वस्तू किंवा हक्क दुसऱ्याच्या हवाली करणे म्हणजे ‘यी फ्रा सै’, पण ट्राममध्ये तेही बोलू नये, कारण त्यात काहीसा नाइलाजाचा सूर येतो. तिथे ‘व्हिल दू सित्ते?’, म्हणजे ‘बसता का?’, एवढेच विचारावे.

‘ओपयी’च्या बाबतीत तुमच्या पुतणीला मी फार दोष देणार नाही. त्या शब्दाचे दोन अर्थ खरोखरच आहेत. योजना, आशा किंवा दावा यांच्यासोबत आला, तर तो सोडून देणे या अर्थाने येतो, आणि तेव्हा ‘यी ओप’पेक्षा जरा पुस्तकी वाटतो. नाव, पत्ता, जन्मतारीख किंवा रक्कम यांच्यासोबत आला, की त्याचा अर्थ ‘नमूद करा’ असा होतो. अर्जावर हा दुसराच अर्थ असतो. याच क्रियापदापासून आलेला ‘ओपयित’ हा शब्द तर आणखी फसवा आहे: पत्त्याला लावला तर ‘नमूद केलेला’, आणि आईला लावला तर पोरांपुढे हात टेकलेली!

निवृत्त मराठी शिक्षक, आर्वी
या चर्चेत मराठीचा दाखला द्यावासा वाटतो. अरुणावतीच्या कालव्याला पाणी सोडले, असे म्हटले की शेतकऱ्याला आनंद होतो. वडिलोपार्जित हक्कावर पाणी सोडले, असे म्हटले की घरात कुणीतरी रडलेले असते. शब्द तेच, पण ‘ला’च्या जागी ‘वर’ आला आणि अर्थ पार फिरला. उपास सोडला म्हणजे पुन्हा कधी उपास करणार नाही असे नव्हे, फराळ केला. खर्रा सोडला म्हणजे मात्र, निदान बोलणाऱ्याच्या मते, कायमचा सोडला. तेव्हा पुतणीने ‘गिव्ह अप’ची वही बाजूला ठेवावी, मनातले वाक्य आधी मराठीत पूर्ण करावे आणि मगच नॉर्वेजियनकडे वळावे, असे मला वाटते. आपल्या ‘सोडून देणे’तही ‘देणे’ आहेच, इंग्रजी ‘गिव्ह’ आणि नॉर्वेजियन ‘यी’ यांचाही मूळ अर्थ देणेच, ही गंमत तिला जरूर सांगावी.

मास्तर, दिग्रस तालुका
दोघांचेही आभार. गुरुजींचा ‘पाणी सोडणे’चा दाखला काल फोनवर सांगताच तिला ‘ओपयी’ लगेच उमगले. आता तिची नवी शंका अशी, की लिहिताना इंग्रजीतल्या ‘गिव्ह’सारखाच ‘ग’ असूनही उच्चार ‘य’ का होतो? शिवाय भूतकाळात तोच ‘ग’ परत कसा येतो?

वणीची, सध्या स्टव्हांगर
नॉर्वेजियनमध्ये ‘इ’च्या आधी आलेल्या ‘ग’चा उच्चार बहुतेक जुन्या शब्दांत ‘य’ होतो, म्हणून वर्तमानकाळात ‘यीर’. भूतकाळात पुढे ‘आ’ येतो, म्हणून ‘गा’. ‘सोडून दिले’ म्हणजे ‘गा ओप’. यातला खरा मजेदार भाग इंग्लंडमध्ये घडला. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाची सुरुवात ‘य’सारख्या उच्चाराने होत असे, आणि आजचा कडक ‘ग’ व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेच्या प्रभावाने आला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. म्हणजे उत्तरेकडच्यांनी इंग्रजांना ‘ग’ दिला आणि पुढे स्वतःच्या घरी तो ‘य’ करून टाकला.

मास्तर, दिग्रस तालुका
हे तिला रात्रीच सांगितले. शेजारच्या खोलीतल्या नॉर्वेजियन मैत्रिणीला तिने लगेच ऐकवले, तर ती हसून ‘यी दै!’ म्हणाली. ‘शरण ये’ असे ती का म्हणाली, म्हणून पुतणीने मला पुन्हा फोन केला आहे.

वणीची, सध्या स्टव्हांगर
त्याचा अर्थ, ‘चल, काहीतरीच काय!’