मदत हवी आहे: आईला सीओपीडी आहे, ताठ बसवू की पुढे वाकू देऊ?

सुरंगीचा_गजरा

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

आई ६७ वर्षांची, गुहागरजवळ गावी दादा-वहिनींकडे असते, मी डोंबिवलीला. दोन वर्षांपूर्वी सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागायचा जुनाट आजार) निघाला. आयुष्यात विडीला हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चूल आणि फुंकणी, आणि डॉक्टर म्हणाले नुसत्या धुरानेही होतो. घरात गॅस आहे तरी न्हाणीतलं पाणी अजून नारळाची सोडणं आणि झावळ्यांवरच तापतं (यावरून तिचं नि वहिनीचं रोज वाजतं, त्याचा वेगळा धागा होईल). स्पायरोमेट्रीत (नळीत फुंकून करतात ती फुफ्फुसाची तपासणी) एफईव्ही वन, म्हणजे पहिल्या सेकंदात बाहेर फुंकलेली हवा, असायला हवी त्याच्या ४४ टक्के. रोटाकॅप (श्वासातून ओढायची औषधाची पूड) सकाळ-संध्याकाळ चालू आहे, घेतल्यावर चूळ भरते. बोटाला लावून मोजलेला ऑक्सिजन बसल्या जागी ९४ टक्के, खालून पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढून आली की ८९.

तर गेल्या महिन्यात तिला चिपळूणला फिजिओकडे नेलं, जायला दीड तास, यायला दीड तास आणि आत दहा मिनिटं. हातात एक झेरॉक्स दिली, कितव्या वेळची झेरॉक्स देव जाणे, चित्रातल्या बाईला तोंडच उरलं नव्हतं. त्यावर 'पाठ ताठ, खांदे मागे, पोटाने श्वास'. करून कोणी दाखवलं नाही, आईला करून बघायला लावलं नाही.

आता मी रोज व्हिडिओ कॉलवर मास्तरीण झालेय. आई ताठ बस, आई खांदे मागे. ती दोन मिनिटं बसते, मग उठून पडवीच्या कठड्याशी जाते, दोन्ही कोपरं त्यावर टेकते, थोडी पुढे झुकते आणि दोन-तीन मिनिटांत दम खाली येतो. मी ओरडले की म्हणते, "अगो मला असंच बरं वाटतं, तुझा कागद ठेव तिकडे."

पण गंमत म्हणजे तीच बाई जमिनीवर बसून विळीवर खोबरं खवायला लागली की अर्धी कवड होईपर्यंत धापा टाकते. तेही वाकूनच ना? आणि वेणी घालतानाही, तेव्हा तर ती चांगली ताठ असते. म्हणजे नेमकं काय बरोबर? पोश्चर सुधारलं तर श्वास सुधारतो की ही नुसती शिस्त? शेजारच्या काकूंनी तीन बॉलवालं फुंकायचं यंत्र आणून दिलंय ते द्यावं का? आणि कपालभातीचे व्हिडिओ मावशी रोज पाठवते, त्याचं काय? सगळं एकदम विचारतेय, सॉरी.

आमसुली_काका

कपालभाती, भस्त्रिका बंद म्हणजे बंद. आमच्या बाबांना कोणीतरी शिकवली, चौथ्या दिवशी चक्कर येऊन ओट्यावरून खाली आले. आधीच आतली हवा बाहेर पडत नाही आणि आपण भराभर श्वास घ्यायला लावतो. श्वास कोंडून धरायचे प्रकारही नकोत. मावशींना नमस्कार सांगा आणि व्हिडिओ म्यूट करा.

फिजिओ_दापोली

ताई, मी हेच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. पेशंट समोर नाही, त्यामुळे इनहेलर-औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

पहिलं म्हणजे आई बरोबर आहे. सीओपीडीत श्वास घेण्यापेक्षा सोडायचा त्रास जास्त, श्वास सोडताना नळ्या मिटतात आणि हवा आत अडकून राहते. छाती फुगलेली राहते आणि तिच्याखालचा पडदा, डायफ्राम, घुमटासारखा असायचा तो चपटा होतो, मग त्याला जोर लावता येत नाही. कठड्यावर कोपरं टेकून झुकलं की पोटाचा भार त्या पडद्याला खालून टेकू देतो, आणि हात पक्के टेकल्यामुळे छातीचे, मानेचे स्नायू श्वासाच्या मदतीला येतात. आम्ही हीच पोझिशन शिकवतो, तिला ती आपसूक सापडली.

मग विळीवर का त्रास? कारण तिथे ती कमरेतून झुकत नाही, पोटातून दुमडते. मांड्या वर, पोट चेपलेलं, पडदा हलायला जागाच नाही, आणि हात कशावर टेकलेले नाहीत, कामात आहेत. वेणीचंही तेच, हात डोक्यावर गेले की श्वासाला मदत करणारे स्नायू हात उचलून धरण्यात अडकतात. वेणी टेबलावर कोपर टेकून घालायची. कपडे वाळत घालायची दोरी छातीच्या उंचीवर आणा.

म्हणजे वाकायचं नाही असं नाही, कुबड काढायचं नाही. धाप नसताना खांदे-छाती मोकळी करायचे व्यायाम जरूर करा, बरगड्या आखडत नाहीत. पण धाप लागलेली असताना "ताठ बस" म्हणणं हा छळ आहे, राग मानू नका. नुसत्या पोश्चरने फुफ्फुस सुधारत नाही, फरक पडतो तो मुख्यतः चालण्याने आणि पायांच्या ताकदीने. खुर्चीतून उठ-बस, उठताना श्वास सोडत, आधी पाच वेळा, जमेल तसं दहा. किमान सहा आठवडे नेमाने केलं तर फरक कळेल.

पोटाचा श्वास सगळ्यांना मानवत नाही, छाती जास्त फुगलेल्यांना मुद्दाम करायला लावला तर दम वाढतो. तिला जड जात असेल तर सोडून द्या. त्याऐवजी ओठांचा चंबू करून श्वास सोडणं. नाकाने दोन मोजत घ्या, चंबूतून चार मोजत सोडा. फुंकणीसारखा जोर अजिबात नको, निरांजनाची ज्योत हलेल पण विझणार नाही इतकंच. बॉलवालं यंत्र मुख्यतः ऑपरेशननंतर देतात, सीओपीडीत त्याच्यामागे लागू नका.

ऑक्सिजन ८८ च्या खाली गेला तर थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. ओठ निळे, बोलताना वाक्य तुटतंय, किंवा गुंगी येतेय असं काही दिसलं तर व्यायाम-बियाम सोडून सरळ दवाखाना. आणि हो, ती न्हाणीतली चूल. बाकी सगळं नंतर.

पाखाडी_चढणारा

फिजिओ ताईंनी सगळं लिहिलंय, मी फक्त पाखाडीचं सांगतो, मला स्वतःला सीओपीडी आहे, घर खाली वाडीत, रस्ता वर. मी आधी श्वास धरून भराभर चढायचो, एकदाचं वर पोचलो की सुटलो असं. आता उभं राहून श्वास घ्यायचा, चंबूतून सोडता सोडता दोन पायऱ्या, परत थांबायचं. वेळ दुप्पट लागतो पण वर गेल्यावर बोलता येतं. अर्ध्यावर चिऱ्याचा गडगा आहे त्याला हात टेकून उभा राहतो, लोक विचारतात कोणाची वाट बघताय, सांगतो एसटीची.

सुरंगीचा_गजरा

फिजिओ ताई, किती आभार मानू. महिनाभर मी तिला बरं वाटत असतानाच ओरडत होते हे वाचून कसंतरीच झालं. काल कॉलवर सॉरी म्हटलं तर म्हणाली, "बघ, कठड्याला कळतं ते कागदाला कळत नाही."

चंबू लगेच जमला. फुंकणी नको, निरांजन म्हटल्यावर हसली आणि पहिल्याच वेळी बरोबर केलं. चुलीबद्दल दादाशी बोलले, गणपतीआधी न्हाणीत गिझर बसवतोय, सध्या पाणी गॅसवर.

अडलंय फक्त विळीवर. ओट्याला चिकटवायची हँडलवाली खवणी आणू म्हटलं तर त्या खोबऱ्याला चव नसते म्हणे. विळी टेबलावर ठेवून, स्वतः स्टुलावर बसून खवलं तर चालेल का?

फिजिओ_दापोली

चालेल. विळीखाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकणार नाही, टेबल कोपराच्या उंचीचं हवं आणि पाय जमिनीला टेकलेले. अर्धी कवड झाली की थांबून चंबूतून चार-पाच श्वास, मग उरलेली. आणि वहिनींना म्हणावं, एक नारळ तुम्ही खवा.