'सेंद्रिय उत्प्रेरक' म्हणजे शेणखत का?

खलबत्ता: दिवाळी अंकासाठी २०२१च्या रसायनशास्त्राच्या नोबेलवर लिहितेय. बेंजामिन लिस्ट आणि डेव्हिड मॅकमिलन. उत्प्रेरक म्हणजे अभिक्रिया वेगाने घडवून स्वतः तसाच राहणारा पदार्थ; त्याला धातू किंवा भलंमोठं विकरच (एन्झाइम) लागतं असं नाही, एखादा लहानसा रेणूही पुरतो, हे दोघांनी २००० साली वेगवेगळं दाखवलं. लिस्टचं प्रोलिन तर आपल्या प्रथिनांतलंच अमिनो आम्ल. मी लिहिलं 'असममित सेंद्रिय उत्प्रेरण'. आई म्हणाली, "शेणखताचं का गं हे?" दुसरा शब्द सुचवा, परवा मजकूर द्यायचाय.

माणदेशी: सेंद्रिय म्हणजे स + इंद्रिय. चांगला शब्द गूळवाल्यांनी पळवला म्हणून आपण का सोडायचा? तसा इंद्रियांशी संबंध १८२८ सालीच सुटू लागला, व्होलरने अमोनियम सायनेट या निर्जीव क्षारापासून मूत्रातला युरिया केला तेव्हा. आणि तोच पोत्यातला युरिया आज सेंद्रिय शेतीत चालत नाही!

प्रयोगवही: शाळेच्या पुस्तकात 'कार्बनी संयुगे' आहे. 'कार्बनी उत्प्रेरक' लिहा, विषय संपला.

खलबत्ता: कार्बनी म्हटलं की कोळसाच डोळ्यांपुढे येतो.

प्रयोगवही: हं, अडचण आहे खरी. हायड्रोजनेशनला, म्हणजे रेणूला हायड्रोजन जोडायला, आम्ही कोळशाच्या भुकटीवर बसवलेलं पॅलेडियम वापरतो. कार्बन ढीगभर, पण काम करतं पॅलेडियम. 'कार्बनी उत्प्रेरक' वाचून कुणीही तेच समजेल.

अर्धवट_अण्णा: मुळात 'उत्प्रेरक'च चुकीचा. प्रेरक ढोसतो. हा कुठे ढोसतो? घाट चढायचा वाचवून बोगद्यातून नेतो, खंबाटकीसारखा. त्यापेक्षा विरजण म्हणा. घरचा शब्द आहे.

प्रयोगवही: अण्णा, दही लागल्यावर त्यातलं विरजण वेगळं काढून दाखवा. ते वाढतं. उत्प्रेरक होता तेवढाच राहतो. वनस्पती तुपात निकेल घालतात ते शेवटी गाळून काढतात.

अर्धवट_अण्णा: विरजणातल्या जिवाणूंची विकरं उत्प्रेरकच ना? मग?

प्रयोगवही: मग विकरं म्हणा. पातेलं कशाला?

नागोयाकर: जपानीत उत्प्रेरकाला 'शोकुबाई' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, लॅबमध्ये कोण बाई आल्या! 'शोकु' म्हणजे स्पर्श आणि 'बाई' म्हणजे मध्यस्थी. लग्न जुळवण्याच्या शब्दातही हाच 'बाई' येतो. स्थळं सुचवणाऱ्या मावशी दोघांना भेटवतात आणि तशाच्या तशा पुढच्या घरी जातात. 'मध्यस्थ' का नको?

माणदेशी: आमच्याकडे मध्यस्थ दलाली घेतो.

प्रयोगवही: आमच्याकडेही फुकट नसतं. लिस्टच्या प्रोलिनवाल्या अभिक्रियेत अल्डिहाइड या कच्च्या मालाच्या शंभर रेणूंमागे प्रोलिनचे तीस होते. धातूचा उत्प्रेरक वापरणाऱ्याला हे ऐकून घाम फुटेल. प्रोलिन स्वस्त, म्हणून परवडतं.

खलबत्ता: मंडळी, 'असममित' राहिलंच. वाचून काहीतरी बिघडलंय असं वाटतं.

नागोयाकर: डावे-उजवे रेणू म्हणा. जोड्यातल्या चपला. दोन्ही सारख्या घडणीच्या, पण डावी उजव्या पायात जात नाही. साध्या अभिक्रियेत दोन्ही निम्मे-निम्मे होतात. हे उत्प्रेरक एकाच पायाची जास्त करतात.

माणदेशी: 'वामावर्त-दक्षिणावर्त' हे शब्द असताना चपला?

प्रयोगवही: ते प्रकाश कुठे वळतो त्याचं झालं. रेणूची घडण डावी की उजवी, ते त्यावरून कळत नाही. उदाहरण मात्र स्वयंपाकघरातलं द्या. कार्व्होन नावाचा रेणू पुदिन्यात एका हाताचा, बाळंतशोपांत दुसऱ्या हाताचा. आरशातली जोडी, पण वास चटकन वेगळे कळतात.

अर्धवट_अण्णा: बाळंतशोपा नव्हे, बाळंतशेपा. शेपूचं बी ते.

माणदेशी: अण्णा बरोबर. शेपूवरून शेपा. शोपा म्हणजे बडीशेपेशी घोळ.

प्रयोगवही: मग बडीशेपेत 'शेप' कुठून आली? आमच्या आजीच्या डब्यावर 'बाळंतशोपा' असंच लिहिलेलं होतं.

खलबत्ता: मजकूर गेला. 'ऑर्गॅनोकॅटॅलिसिस' हा इंग्रजी शब्दच देवनागरीत तसाच ठेवला, कंसात 'छोट्या रेणूंची मध्यस्थी'.

माणदेशी: तसाच? मग इतके दिवस आम्ही काय केलं इथे?

अर्धवट_अण्णा: प्रयोगवही, त्या डब्याचा फोटो असेल तर टाका. आजी कुठल्या, कोकणातल्या का?