ग्रंथालयाची सूची ‘कोहा’वर न्यायची आहे, मार्गदर्शन हवे

नमस्कार मंडळी,

पुण्यातील एका पेठेतल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर मी काम करतो. आमच्याकडे सुमारे १८,००० पुस्तके आणि चार संगणक आहेत. सूची आणि देवघेव गेली बारा वर्षे एका विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवर चालते. ते तयार करणाऱ्यांनी आता व्यवसाय बंद केला आहे आणि डोंगल (संगणकाला जोडायची परवान्याची छोटी किल्ली) लावल्याशिवाय ते उघडतच नाही. मागच्या महिन्यात ते डोंगल चालेना, तेव्हा ग्रंथपालबाईंनी चार दिवस सगळी देवघेव वहीत लिहून केली. आपल्याच पुस्तकांची यादी आपल्यालाच पाहता येऊ नये, हे मला फार लागले.

ग्रंथालयाची सूची आणि देवघेव सांभाळणारे ‘कोहा’ हे मुक्त, म्हणजे फुकट आणि कोणालाही वापरता-बदलता येणारे, सॉफ्टवेअर घ्यावे, असे माझे मत आहे. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालय संस्थेची जुनी प्रणाली सन २००० च्या तारखा हाताळू शकणार नव्हती, म्हणून ते तयार झाले आणि जानेवारी २००० पासून वापरात आले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. त्यांची अडचण आमच्यासारखीच होती, म्हणून हा दाखला मी मंडळापुढे ठेवला. त्यावर एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, “फुकट मिळालेल्या वस्तूची जबाबदारी कोण घेणार?” प्रश्न रास्त आहे. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची जबाबदारीही शेवटी कोणी घेतली नाही, एवढेच मी म्हणू शकलो. पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही.

खरी अडचण अक्षरांची आहे. जुनी सूची युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी वाचली जाणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली आहे. ती युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढली की साधी अक्षरे नीट येतात, पण रफार आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. ‘कर्वे’चे ‘कवेर्’ होते, आणि मग कर्वे शोधले तर एकही पुस्तक सापडत नाही. १८,००० नोंदी हाताने तपासायला आमच्याकडे माणसे नाहीत.

चारपैकी तीन संगणक विंडोज १० वर आहेत. तिचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ही यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली आणि लिबरऑफिस हे कार्यालयीन कामाचे मुक्त सॉफ्टवेअर बसवण्याचा विचार आहे. मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक तिथेही मिळतो, त्यामुळे ती चिंता नाही.

रफार आणि वेलांटीच्या चुका एकगठ्ठा दुरुस्त करण्याची पद्धत कोणी वापरली आहे का? दुरुस्त केलेला तक्ता कोहाला लागणाऱ्या मार्क (ग्रंथालयीन नोंदींच्या प्रमाण) स्वरूपात नेताना प्रत्येक पुस्तकाला दिलेले दाखल क्रमांक जसेच्या तसे कसे राखावेत? पुस्तकांवर तेच क्रमांक शाईने लिहिलेले असल्यामुळे ते बदलून चालणार नाहीत. आणि पुणे परिसरातील एखादे लहान ग्रंथालय कोहावर चालत असल्यास, आमच्या ग्रंथपालबाईंना आणि त्या ज्येष्ठ सदस्यांना घेऊन एक दिवस तिथे येण्याची माझी तयारी आहे. मंडळाची पुढची बैठक पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी अशी भेट झाली तर फार बरे होईल.