बीपी नॉर्मल, तरी प्रीएक्लॅम्प्सियाची 'हाय रिस्क' कशी? मदत हवी आहे

वहिनीला बारावा आठवडा चालू आहे. पहिलटकरीण, वय ३४, बीपी ११२/७४. डबल मार्कर या रक्ततपासणीबरोबर प्रीएक्लॅम्प्सियाचं (गरोदरपणात बीपी वाढून होणाऱ्या आजाराचं) स्क्रीनिंग केलं, त्यात १:७० आलंय आणि शेजारी ठळक अक्षरांत 'हाय रिस्क'. डॉक्टरांनी रोज रात्री १५० मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन सुरू केली. प्रश्न मात्र घरी आल्यावर सुचले (नेहमीप्रमाणे). विसाव्या आठवड्यानंतर होणारा आजार आत्ताच कसा कळतो? आणि बीपी नॉर्मल असताना गोळी कशाला? वहिनी रिपोर्ट पाहून घाबरली आहे. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद
आधी वहिनींना सांगा, १:७० म्हणजे अशा सत्तरजणींत एकीला त्रास होण्याची शक्यता, ६९ जणींना नाही. हे निदान नव्हे, अंदाज आहे. बऱ्याच ठिकाणी १:१०० ही रेषा धरतात, म्हणून ती ठळक अक्षरं.

मूळ गडबड वारेत (प्लॅसेंटात) असते. सुरुवातीच्या महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या धमन्यांत शिरून त्या रुंद करतात. ते अर्धवट राहिलं की वारेला रक्त कमी पडतं. बीपी चढतं ते बरंच नंतर. म्हणून ११ ते १४ आठवड्यांत दोन्ही दंडांवरचं बीपी, गर्भाशयाच्या धमन्यांचं डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि रक्तातलं पीएलजीएफ पाहतात. वारेतून येणारं हे प्रथिन कमी असेल तर शंका वाढते. त्यात वय, वजन, आधीची बाळंतपणं, मधुमेह वगैरे माहिती घालून आकडा काढतात.

अ‍ॅस्पिरिनबद्दल: २०१७ च्या अ‍ॅस्प्रे चाचणीत हाय रिस्क बायकांना हाच डोस ३६ आठवड्यांपर्यंत दिला. ३७ आठवड्यांआधी बाळंतपण करावं लागणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. दिवस भरल्यावर होणाऱ्या प्रकारात मात्र फारसा फरक दिसला नाही. त्यामुळे गोळी चालू आहे म्हणून बीपी तपासणं सोडू नका.

धागाकर्ता
खूप आभार! आता जीवात जीव आला. पुढे पुन्हा एखादी टेस्ट करावी लागेल का?

प्रतिसाद
सरसकट नाही. पुढे शंका आलीच तर एसएफएलटी-१ (वारेतूनच येणारं दुसरं प्रथिन) आणि पीएलजीएफचं गुणोत्तर काढतात; ते ३८ किंवा त्याखाली असेल तर पुढच्या आठवडाभरात प्रीएक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता फार कमी. घरी बीपी १४०/९० किंवा वर दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० असेल, डोकं असह्य दुखत असेल, डोळ्यांपुढे चमकत असेल किंवा बरगड्यांखाली दुखत असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. आणि वहिनींना दमा किंवा अल्सर असेल तर अ‍ॅस्पिरिन देणाऱ्या डॉक्टरांना ते माहीत आहे ना, एवढं विचारून घ्या.