‘वरून आदेश आहे!’ : बेसबॉलमध्ये पिचर (चेंडू टाकणारा) नक्की कोण बदलतं? (अनुभव धागा)

स्कोअरकार्डवाला

ऑक्टोबर, म्हणजे बाद फेरीचा महिना, आला की मेजर लीग (उत्तर अमेरिकेतली अव्वल बेसबॉल लीग) पाहणाऱ्या मराठी मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येतं: “मॅनेजरनं नाही काढलं रे त्याला, वरून आदेश होता.” मॅनेजर म्हणजे मैदानावर संघ चालवणारा मुख्य प्रशिक्षक, आणि वर म्हणजे फ्रंट ऑफिस, संघाचं कार्यालय. जनरल मॅनेजर, त्याच्या डोक्यावरचे प्रेसिडेंट आणि त्यांच्या हाताखाली आकडेमोड करणारी पोरं. चिडलेले आपण सगळेच आहोत, पण ती चीड इथे ओतू नका. एक सामना घ्या. कितवी इनिंग, किती चेंडू, कोण गेला, कोण आला आणि गणित कुठे फसलं तेवढं लिहा. ‘मी त्या रात्री जेवलोच नाही’ छापाचं काही नको.

क्रिकेटवरून नव्याने इकडे वळलेल्यांसाठी एकच खुलासा: इथे काढलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. बुमराहला दोन ओव्हर देऊन थांबवला आणि अठराव्या ओव्हरला पुन्हा आणला, ही सोय नाही. म्हणून एकेक बदल इतका झोंबतो.

डावखुरा

सुरुवात टॅम्पा बे रेजच्या डावखुऱ्या पिचर ब्लेक स्नेलपासूनच व्हायला हवी. २७ ऑक्टोबर २०२०, आर्लिंग्टन, वर्ल्ड सिरीजचा (अंतिम मालिकेचा) सहावा सामना. टॅम्पा बे रेज मालिकेत २-३ असे मागे, पण सामन्यात डॉजर्सच्या १-० पुढे. सहाव्या इनिंगमध्ये एक आउट झाल्यावर नवव्या क्रमांकाच्या ऑस्टिन बार्न्सनं सिंगल मारली (फटक्यावर पहिला बेस गाठला). तोवर ब्लेक स्नेलचा हिशेब असा: ७३ चेंडू, ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), २ हिट (फटका मारून बेस गाठणं), वॉक (चार खराब चेंडूंवर फुकट बेस) शून्य. मॅनेजर केविन कॅश माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) आला आणि त्यानं चेंडू मागून घेतला.

आता बोटांवर मोजा. १६ आउट आणि २ हिट मिळून १८ बॅटर. नऊ दुणे अठरा. पुढचा मूकी बेट्स एकोणिसावा, म्हणजे तिसऱ्या फेरीतला पहिला. एकच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की त्याचा हात कुठून सुटतो, वेगवान आणि संथ चेंडूत किती फरक आहे, हे बॅटरच्या डोळ्यांत बसलेलं असतं. शिवाय पिचरही दमलेला असतो. हजारो सामन्यांच्या सरासरीत हा फरक दिसतो, त्यामुळे सिद्धांत खोटा नाही.

फसलं ते पुढे. एक, सरासरी सगळ्या पिचरांची असते आणि त्या रात्री बेट्स, सीगर आणि टर्नर स्नेलसमोर मिळून सहा वेळा येऊन सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले होते. दोन, बेट्स त्या मोसमात डावखुऱ्या पिचरांसमोर अडखळत होता आणि त्याच्यासमोर आणला उजव्या हाताचा निक अँडरसन. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, ‘ताजा’ म्हणून आणलेला अँडरसन ताजा नव्हता. त्याआधी तो खेळलेल्या सलग सहा सामन्यांत त्यानं धावा दिल्या होत्या. दमलेल्याला काढून जास्त दमलेला आणला, हे गणित कुठल्या वहीत बसतं?

बेट्सची डबल (दोन बेसचा फटका), मग वाइल्ड पिचवर (भरकटलेल्या चेंडूवर) बार्न्स घरी, म्हणजे धाव, मग सीगरच्या साध्या ग्राउंडरवर (जमिनीलगतच्या फटक्यावर) बेट्स घरी. १-० चं १-२. शेवट ३-१, विजेतेपद डॉजर्सचं.

बुलपेनचा फोन

एक गैरसमज आधी दूर करतो. सामना चालू असताना वरच्या मजल्यावरून कुणी फोन करून ‘काढ त्याला’ म्हणत नाही. डगआउटमधला (मैदानालगतच्या संघाच्या बाकांजवळचा) फोन बुलपेनला (जिथे बदली पिचर गरम होतात) आणि व्हिडिओ रिप्लेच्या खोलीला लागतो, बस. मोबाइलला बंदी आहे. हस्तक्षेप होतो तो दुपारी, आणि कागदावर.

त्या कागदावर प्रतिस्पर्ध्यांचे नऊ बॅटर तीन-तीन, चार-चारच्या तुकड्यांत पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकडीसमोर एका रिलीव्हरचं (बदली पिचरचं) नाव. एकेका बॅटरसाठी वेगळा पिचर आणण्याचा खेळ २०२० पासून संपला, कारण आता आलेल्या रिलीव्हरनं तीन बॅटर तरी खेळवायचे किंवा ती इनिंग संपवायची. शेजारी ‘आज नाही’ची यादी. सलग दोन दिवस टाकलेला तिसऱ्या दिवशी शक्यतो नाही. काल तिशीच्या पुढे चेंडू गेले असतील तर आज नाही. म्हणून आपण घरून “अरे त्या अमक्याला आण ना!” म्हणत असतो, तेव्हा तो अमका यादीत असतो आणि ही यादी संघ आपल्याला सांगत नाही.

निर्णय कागदाचा की मॅनेजरचा हे ओळखायचं असेल तर माउंडकडे नाही, बुलपेनकडे बघा. रिलीव्हरला गरम व्हायला पंधरा-वीस चेंडू आणि काही मिनिटं लागतात. पिचर मजेत टाकतोय, तरी आठवा-नववा बॅटर जवळ येताच बुलपेनमध्ये कुणीतरी जॅकेट काढलं, की समजा कागद बोलतोय. दोन चेंडू कडकडून बसल्यावर धावपळ सुरू झाली, तर तो मॅनेजरचा निर्णय. अशा वेळी पिचिंग कोच रमतगमत माउंडवर जातो, कॅचर मास्क काढून उगाच काहीबाही बोलतो. सगळा वेळकाढूपणा, कारण मागे माणूस तयार नसतो. त्यालाही मर्यादा आहे: २०२४ पासून सामन्यात अशा चारच भेटी, आणि एकाच इनिंगमध्ये एकाच पिचरकडे कोच किंवा मॅनेजर दुसऱ्यांदा गेला तर पिचर बदलावाच लागतो.

पिनस्ट्राइप

@डावखुरा, त्याच महिन्यात, ६ ऑक्टोबरला, याच रेजविरुद्ध न्यूयॉर्क यांकीजनी केलेलं विसरलात. डिव्हिजन सिरीजचा (बाद फेरीतल्या मालिकेचा) दुसरा सामना, सॅन डिएगो. डेव्ही गार्सिया हा उजवा पोरगा ‘स्टार्टर’ (पहिल्या चेंडूपासून टाकणारा), एका इनिंगनंतर बाहेर, आत डावखुरा जे. ए. हॅप. डाव असा की, उलट्या हाताच्या पिचरसमोर बॅटरला सोपं जातं म्हणून, गार्सियासाठी रेजनी डावखुरे बॅटर भरावेत आणि मग त्यांच्यासमोर हॅप यावा. पण ही युक्ती रेजचीच. १९ मे २०१८ ला रिलीव्हर सर्जिओ रोमोला पहिली इनिंग देऊन ‘ओपनर’ त्यांनीच रूढ केला. चोराच्या घरात चोरी! हॅपनं पावणेतीन इनिंगच्या आसपास टाकून चार धावा आणि दोन होमरन (थेट मैदानाबाहेरचे फटके) दिले, सामना ७-५ नं गेला. आयुष्यभर पहिल्या चेंडूपासून टाकणाऱ्याचं गरम होण्याचं ठरलेलं वेळापत्रक असतं, ते दुसऱ्या इनिंगला आणून मोडायचं आणि वर परिणाम तोच मागायचा.

मेपल

टोरोंटो ब्लू जेजचं २०२३ याच जातीचं. ४ ऑक्टोबर, मिनिआपोलिस. होसे बेरिओस तीन इनिंग, ५ स्ट्राइकआउट, धाव एकही नाही. चौथीत पहिल्या बॅटरला वॉक दिला आणि ४७ चेंडूंवर बाहेर. आत युसेई किकुची, तोही मुळात स्टार्टर, तोही बेसवर माणूस असताना. मिनेसोटा ट्विन्सनी त्याच इनिंगमध्ये दोन धावा काढल्या आणि २-० नं जिंकले. त्यांच्या डावखुऱ्या बॅटरांसाठी डावखुरा आणायचा हे आधीच ठरलेलं होतं. नंतर जनरल मॅनेजर रॉस अ‍ॅटकिन्सनी निर्णय मॅनेजर जॉन श्नायडरचा असल्याचं सांगितलं, आणि चाहते आणखी भडकले. योजना सगळ्यांची, खापर एकाचं.

पण खरं सांगू? ब्लू जेजनी त्या सामन्यात शून्य धावा केल्या. शून्यावर कुणाचा बाप जिंकत नाही.

जुनं खोंड

पोरांनो, मॅनेजरला मोकळं सोडलं की काय होतं तेही लिहा की. १६ ऑक्टोबर २००३, यांकी स्टेडियम, अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना. बॉस्टन ५-२ पुढे, आठव्या इनिंगमध्ये त्यांच्या पेड्रो मार्टिनेझनं एक धाव दिली. बॉस्टनचा मॅनेजर ग्रेडी लिटल माउंडवर गेला तेव्हा ११५ चेंडू झाले होते. पेड्रो शंभरीनंतर ढिला पडतो हे कागदावर होतं. लिटलनं पेड्रोला विचारलं, त्याच्यावर विश्वास टाकला आणि परत फिरला. मात्सुईची डबल, पोसाडाची डबल, ५-५. अकराव्या इनिंगमध्ये होमरन मारून सामना संपवला यांकीजच्या अ‍ॅरन बूननं, आणि लिटलचा करार वाढवला गेला नाही. हाच बून २०२० साली गार्सिया-हॅपच्या वेळी यांकीजचा मॅनेजर होता! त्या रात्रीनंतर कुठला फ्रंट ऑफिसवाला मॅनेजरच्या ‘विश्वासा’वर भिस्त ठेवेल?

ऑप्शन शिल्लक

तुम्ही सगळे माउंडवर अडकलात. खरी सत्ता २६ जणांच्या यादीत आहे. त्यात पिचर जास्तीत जास्त १३. ज्याचे ‘ऑप्शन’ शिल्लक आहेत त्याला मायनर लीगमध्ये (खालच्या दर्जाच्या लीगमध्ये) पाठवता येतं, मोसमात पाच वेळांपर्यंत. आणि पाठवलेला पिचर, कुणी जखमी झाल्याशिवाय, १५ दिवस परत बोलावता येत नाही. म्हणून काल तीन इनिंग टाकून दमलेला पोरगा आज गायब आणि त्याच्या जागी नवा चेहरा. ही अदलाबदल मॅनेजर करत नाही. त्याच्या हाती उरतो तो यादीतल्या उरलेल्यांपैकी एक. त्यात २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये (अमेरिकन आणि नॅशनल) डीएच (पिचरऐवजी बॅटिंग करणारा) आला, त्यामुळे पिचर बॅटिंगला येताना त्याला बदलायचं की ठेवायचं, हा मॅनेजरचा सगळ्यात अवघड आणि त्याचा स्वतःचा निर्णयही गेला. २०२४ च्या मोसमात सुमारे २,४३० सामन्यांत मिळून एकाच पिचरनं पूर्ण सामना टाकल्याच्या नोंदी फक्त २८.

शिवाजी पार्क नॉर्थ एंड

आपल्याकडेही हे आहेच. ९ मे २०२२, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील, कोलकात्यानं मुंबईला ५२ धावांनी हरवलं आणि श्रेयस अय्यर बोलता बोलता सांगून गेला की संघनिवडीत सीईओही असतात. केवढा गहजब! पुढे त्यानं सारवासारव केली की वगळलेल्यांची समजूत काढायला ते असतात, असं म्हणायचं होतं. बेसबॉलमध्ये हे वाक्य बातमीही ठरणार नाही.

जुनं खोंड

मालकांचे प्रकार राहिलेच. शिकागो कब्जच्या रिगलीनं १९६१ मध्ये मॅनेजर ही जागाच रद्द करून आळीपाळीनं कोच नेमले. पहिल्या वर्षी ९० पराभव, दुसऱ्या वर्षी १०३. ११ मे १९७७ ला अटलांटाचा मालक टेड टर्नर सलग १६ पराभवांनंतर स्वतःच गणवेश चढवून डगआउटमध्ये बसला. सतरावाही हरला, २-१. संघात मालकी असलेल्याला मॅनेजर होता येत नाही म्हणून लीगनं दुसऱ्या दिवशी उठवलं.

सगळ्यात भारी सेंट लुईस ब्राउन्सचा बिल व्हेक. २४ ऑगस्ट १९५१ ला त्यानं निर्णय थेट प्रेक्षकांना दिले. एकेकाच्या हातात ‘हो’ आणि ‘नाही’चे फलक, प्रश्न विचारला की फलक वर, बहुमत असेल ते मैदानावर. मॅनेजर झॅक टेलर डुलत्या खुर्चीत बसून बघत होता. ब्राउन्स ५-३ नं जिंकले. दुसऱ्या दिवसापासून टेलर परत कामाला लागला, आणि संघ मोसमाअखेर १०२ सामने हरला.