हॉस्पिसमध्ये स्वयंसेवक व्हायचंय, सुरुवात कशी करू?

नमस्कार. मी कोथरूडला राहते. आईला कॅन्सरने जाऊन आठ महिने झाले. शेवटी ती घरीच होती. शेजारच्या काकू रोज दुपारी तिच्याजवळ येऊन बसायच्या, म्हणून मला अंघोळ आणि दोन घास तरी सुखाने मिळायचे. आता हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेतात तिथे, तेच कुणासाठी तरी करावंसं वाटतं. शनिवार मोकळा असतो, पण नर्सिंगमधलं काही येत नाही. चालेल का?

प्रतिसाद १

ताई, नक्की चालेल. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (रुग्णाचा त्रास कमी करणारी काळजी) सेंटर १९९७ पासून आहे, तुम्हाला जवळच. कॅन्सरच्या रुग्णांची तिथे मोफत काळजी घेतात, सोबत घरचं माणूसही राहतं. आधी फोन करून विचारा.

मी सहा वर्षं हे काम करते. औषधं, सलाईन यांना आपण हात लावायचा नाही. पाणीसुद्धा नर्सला विचारल्याशिवाय पाजू नका, गिळता येत नसेल तर ठसका लागतो. ओल्या कापसाने ओठ टिपायचे, बोटभर तूप लावायचं. एक आजी तेवढ्यानेही डोळे उघडून हसायच्या.

अवघड असतं ते बोलणं. नातेवाईक दारातच गाठून सांगतात, "त्यांना काही कळू देऊ नका." आत गेलं की रुग्ण विचारतो, "मी बरा होणार ना?" तेव्हा "होणार हो" असं म्हणू नका. "तुम्हाला काय वाटतं?" एवढंच विचारा आणि ऐकत राहा. मग समुपदेशकांच्या कानावर घाला. खोटं बोलणं आपलं काम नाही, आणि घरच्यांच्या आधी खरं फोडणंही नाही.

सोबतच्या माणसाकडे तितकंच लक्ष द्या. "मी बसते, तुम्ही तासभर आडव्या व्हा" हे वाक्य त्यांना कुणी म्हटलेलंच नसतं.

आणि मनापासून सांगते, वर्ष होऊ द्या. प्रत्येक खाटेवर आई दिसते.

प्रतिसाद २

मुंबईकरांसाठी भर घालतो. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. डॉ. लुई डिसोझांनी उभं केलं. गोव्यातही त्यांची शाखा आहे. कुठेही जा, नियमित जमेल तेवढंच कबूल करा. शनिवारची वाट बघणारं माणूस पुढच्या शनिवारी असेलच असं नसतं.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. वर्षश्राद्ध झालं की वारज्याला फोन करते. काकूंना विचारलं, त्याही येणार म्हणाल्या.