सीएनजीवर चढाला पिकअप झटके खातोय, स्पार्क प्लग कोणते टाकू? (मदत हवी आहे)

गठ्ठेवाला:
नमस्कार मंडळी. सोलापुरात टॉवेल-चादरींच्या मालवाहतुकीचा छोटा धंदा आहे. गाडी चार सिलिंडरची, कंपनी फिटेड सीएनजी, बीएस६ छोटा पिकअप. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून गठ्ठे उचलायचे, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला टाकायचे, मधेअधे बार्शी नाहीतर तुळजापूर. रनिंग ५० हजारांच्या पुढे गेलंय. सर्व्हिसच्या एकाही बिलात प्लग दिसत नाहीत, म्हणजे कंपनीतून आलेलेच असणार.

सपाटीला काही त्रास नाही. माल भरून तामलवाडी सोडली आणि तुळजापूरचा घाट लागला की तिसऱ्या गिअरला झटके सुरू. मिसिंग (एखाद्या सिलिंडरात मधेच इंधन न पेटणं) कानाला कळतं. त्याच चढावर बटण दाबून पेट्रोलवर घेतली की झटके जवळजवळ बंद. चेक इंजिनचा दिवा मधेच लुकलुकतो, मग विझतो.

एक मिस्त्री म्हणतो सीएनजीला इरिडियमच्या टोकाच्या महागड्या प्लगशिवाय पर्याय नाही. दुसरा म्हणतो प्लगला पॉलिश पेपर मारू, वर्षभर बघायला नको. स्पेअरच्या दुकानदाराने तर मॉडेल न विचारता डबी पुढे केली, "हाच सगळ्यांना चालतो." कुणाचं ऐकू? आणि प्लग घरी बदलता येतात का? पाने आहेत, हात बऱ्यापैकी बसलेला आहे.

आसरा_चौक:
भाऊ, आपल्या सोलापूरचं ऊन बघता एक नंबर थंडा प्लग (टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडणारा) टाका की. मे महिन्यात ४३ डिग्रीत कंपनीचा प्लग काय टिकतोय!

ऑइलपाना:
आधी दिव्याचं बोलू, कारण प्लगपेक्षा तो महाग पडेल. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटून राहणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतोय म्हणजे मिसफायर इतकं आहे की न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा डबा) जाऊन तिथे जळतंय. आतली जाळी वितळली तर प्लगचा खर्च काहीच वाटणार नाही. तोवर भरलेली गाडी घाटात सीएनजीवर ओढू नका.

पेट्रोलवर नीट आणि सीएनजीवर फक्त लोडला झटके, म्हणजे पहिला संशय इग्निशनवर, ठिणगी पाडणाऱ्या भागांवर. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला प्लगच्या दोन टोकांमधला गॅप ओलांडणं आणखी जड होतं. त्यात टोकं झिजून गॅप वाढलेला असला की प्लगला व्होल्टेज देणारी कॉइल कमी पडते. पेट्रोलवर कसंबसं भागतं म्हणून दोष झाकला जातो. एक मात्र आधीच सांगतो: गॅस हवेची जागा खातो, त्यामुळे सीएनजीवर ओढ थोडी कमीच राहणार. नव्या प्लगने झटके जातील, ओढ पेट्रोलइतकी होणार नाही.

@आसरा_चौक, बाहेरच्या उन्हाचा इथे फारसा संबंध नाही हो. चालू इंजिनात प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० डिग्रीत राहायला लागतं. खाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, वर गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेट घेतं. तिथे बाहेरचे ४३ काय नि ३३ काय. शिवाय आकड्यांचा घोळ आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा मोठा तितका गरम. काउंटरवर "एक नंबर वरचा द्या" म्हणालात आणि दुकानदाराने कंपनी बदलून दिली, तर नेमकं उलटं हातात येतं.

म्हणून मॅन्युअलमधला नंबर घ्या, बस. नंबर वाचायचा कसा ते माहीत असलेलं बरं. समजा एनजीकेचा बीकेआर६ई-११ आहे: आटे १४ मिमी, पाना १६ चा, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ हा उष्णतेचा आकडा, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी आणि ११ म्हणजे गॅप १.१ मिमी. तुमच्या गाडीला हाच लागतो असं नाही, फक्त नमुना. लांबी सगळ्यात महत्त्वाची. जास्त लांब प्लग पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो. आखूड बसवला तर हेडमधल्या (इंजिनचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) उघड्या आट्यांत कार्बन साचतो, मग पुढे योग्य प्लगही आत जाताना अडतो. रेझिस्टर नसलेला प्लग ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) गाडीत अजिबात नको. "सगळ्यांना चालतो" वाल्या दुकानात माझं पाऊल पुन्हा पडलं नसतं.

इरिडियम वाईट नाही. निकेलचे प्लग साधारण २० ते ३० हजार किलोमीटर, इरिडियमचे ८० हजार ते लाख. सीएनजीवर दोन्हीचं आयुष्य त्याहून कमी धरा. कंपनीने निकेल दिले असतील तर निकेल टाकून वेळेवर बदलणं मला पटतं. ज्यांना गाडी एक दिवसही उभी ठेवणं परवडत नाही त्यांनी इरिडियम घ्यावेत, पण बिल देणाऱ्या दुकानातून. नकली माल बाजारात भरपूर आहे. पॉलिश पेपर विसरा. ठिणगी धारदार कडेवरून सहज उडते. गोल झालेली कड घासून परत येत नाही.

चिंचोळी_फाटा:
प्लग काढलेत की फोटो टाका. आणि गाडी चालू ठेवून एकेक कॉइल उपटून बघायचा गावठी प्रयोग करू नका, शॉकही बसतो आणि कॉइलही जाते.

गठ्ठेवाला:
सगळ्यांचे आभार. सकाळी गाडी थंड असताना उघडली. मोबाईलचा कॅमेरा फुटलाय, म्हणून लिहून सांगतो. प्लगवरचा नंबर मॅन्युअलशी जुळतो, निकेलच आहेत. मॅन्युअलमध्ये गॅप १.१ आहे, फिलर गेजवर १.३ ते १.४ भरला. चारही टोकं पांढरट, कोरडी. पण तिसऱ्या प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलंय. प्लगच्या वरच्या भागाला आणि कॉइलच्या रबरी बुटाला (प्लगवर बसणारं टोपण) ऑइल आहे, पांढऱ्या पोर्सेलिनवर वरून खाली एक बारीक काळी रेघ. मित्राच्या स्कॅनरवर पी०३०३ हा मिसफायरचा कोड आला.

पांढरं टोक म्हणजे इंजिन तापतंय का? आणि ऑइल म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या का? मिस्त्री म्हणतो इंजिन उघडावं लागेल. ऐकून पोटात गोळा आलाय.

ऑइलपाना:
इंजिन उघडायला देऊ नका! ऑइल टोकाला असतं तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलचा विषय होता. तुमचं टोक कोरडं आहे, ऑइल वरच्या बाजूला आहे, म्हणजे ते वरून गळतंय. रॉकर कव्हरच्या (इंजिनवरचं झाकण) पॅकिंगबरोबर प्लगच्या नळीभोवती सील असतात, ते कडक झाले की खड्ड्यात ऑइल उतरतं. पांढऱ्या टोकाचीही काळजी नको. गॅसला काजळी धरत नाही, त्यामुळे सीएनजीच्या गाडीत असा रंग नेहमीचाच. तापलेल्या प्लगच्या पोर्सेलिनवर फोड येतात, टोक वितळल्यासारखं दिसतं.

ती काळी रेघ म्हणजे तुमचे झटके. ठिणगी टोकापर्यंत न जाता पोर्सेलिनच्या बाहेरून उतरून हेडला अर्थ होते. ऑइलने बूट सैल आणि मऊ पडतो, मग वीज सोपी वाट धरते. नवा प्लग टाकून जुना बूट तसाच ठेवला तर नव्या पोर्सेलिनवरही तशीच रेघ उमटेल.

खात्री करून घ्या. पी०३०३ मधला शेवटचा आकडा सिलिंडरचा. तिसरी कॉइल बुटासकट पहिल्यावर लावा, पहिली तिसऱ्यावर, कोड पुसून फेरी मारा. पी०३०१ आला तर दोष कॉइल-बुटात. पी०३०३ च राहिला तर प्लग बदलून परत बघा, तरीही तोच असेल तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासायचं.

आता बसवायचं. इंजिन थंडच हवं, गरम ॲल्युमिनियम हेडमधून प्लग काढताना आटे जातात. आधी खड्ड्यातलं ऑइल फडक्याने टिपून घ्या, कंप्रेसरने हवा मारा, मगच प्लग सैल करा. आपल्याकडची धूळ सिलिंडरात गेली तर काय होतं ते सांगायला नको. नव्या प्लगचा गॅप डबीतून काढल्यावर मोजा. कमी-जास्त करायचा तर फक्त बाहेरची वाकडी पट्टी हलवा, मधल्या टोकाला हात लावू नका. सीएनजीसाठी बरेच जण ०.८ पर्यंत कमी करतात, पण तुमची गाडी कंपनी फिटेड आहे, मॅन्युअलचाच आकडा ठेवा. सुरुवातीचे आटे हाताने बसवा. प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा घालून फिरवला तर आटा तिरका जात असल्यास नळी आपोआप घसरते. हाताने घट्ट बसला की १४ मिमी आट्यांच्या, नव्या वॉशरवाल्या प्लगला पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. टॉर्क पाना असेल तर साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर. १२ मिमीचे आटे असतील तर याहून बरंच कमी, मॅन्युअल बघून. आट्यांना ग्रीस लावू नका, पाना घसरत जातो आणि गरजेपेक्षा जास्त आवळलं जातं.

आसरा_चौक:
थंडा प्लग मागे घेतो बाबा 😄 पण सील आधी की प्लग आधी?

ऑइलपाना:
सील आधी. नाहीतर नवा बूट परत ऑइलात.

गठ्ठेवाला:
कॉइल बदलून बघितली, कोड पी०३०१ ला गेला. बूट वेगळा मिळाला, कॉइल तीच ठेवली. सील, पॅकिंग आणि चारही निकेल प्लग नवे. काल भरलेली गाडी घाटातून सीएनजीवर नेली, झटका नाही, दिवा नाही. ओढ कमी आहे ती आहे. एकच शंका: मिस्त्रीने रॉकर कव्हरचे बोल्ट अंदाजाने आवळले, पॅकिंग परत गळेल का?

ऑइलपाना:
मधून बाहेर, आडवेतिडवे, थोडे थोडे करून आवळले असतील तर गळणार नाही. कव्हर प्लास्टिकचं असेल तर परत ताकद लावू नका, तडकतं. आठवड्याने इंजिन थंड असताना तिसरी कॉइल उचला आणि खड्ड्यात टॉर्च मारून बघा. कोरडा असेल तर झालं.